ब्रॉडस्की समजून घ्यायला मैत्रिणीच्या आठवणी किती कामाच्या?

पैलतीर: एलेन्डिया प्रॉफर यांचं रशियन कवी योसिफ ब्रॉडस्कीवरचं आठवणींचं पुस्तक रशियनमध्ये 2015 ला आलं, इंग्रजीत 2017 ला. 4 जून 1972 ला सोव्हिएत संघाबाहेर घालवलेला हा कवी व्हिएन्नात उतरला, तेव्हा घ्यायला त्यांचे पती कार्ल हजर होते. मिशिगन विद्यापीठातली नोकरी कार्लच्याच खटपटीने मिळाली, 1977 मधले दोन रशियन संग्रहही या जोडप्याच्याच 'आर्डिस' प्रकाशनाने काढले. इतक्या जवळची बाई त्याचा हेकटपणाही लिहिते. रशियन कादंबरीकार अक्स्योनोवच्या कादंबरीबद्दल अमेरिकी प्रकाशकाकडे वाईट मत देऊन त्याने मित्राची वाट अडवली, तेही. नोबेलनंतर चढलेला शेंदूर खरवडायला असंच पुस्तक हवं.

ताळेबंद: असहमत. भांडण दोघांचं, लिहिणारी एकच, आणि ब्रॉडस्की 1996 मध्येच गेलेला. कार्लच्या टिपणांतला स्वतःवरचा मजकूर छापायलाही त्याने हरकत घेतली होती. त्यापेक्षा ब्रॉडस्कीवर 'ऐतखाऊ' म्हणून 1964 मध्ये चाललेल्या खटल्यातली पत्रकार फ्रीदा विग्दोरोवाची टिपणं वाचा. 'कवींत तुझी नोंद कुणी केली?' असं न्यायाधीशबाई विचारतात. तो म्हणतो, 'कुणीच नाही. माणसांत तरी कुणी केली?' शिक्षा पाच वर्षांची झाली, पण दीड वर्षात सुटला. टिपणं हातोहात परदेशात पोचली, बोभाटा झाला, त्याचा यात मोठा वाटा.

पैलतीर: तीही काही टेप नव्हे! लिहिणं थांबवायला सांगितल्यावर पुढचं विग्दोरोवानेही आठवूनच उतरवलं. तिची आठवण चालते, मग हिची का नको?

ताळेबंद: कारण मधे चाळीस वर्षं गेली आहेत. 1972 मधला बत्तिशीतला बेघर माणूस अशा लिखाणात नोबेलवाल्याच्या ऐटीत बोलायला लागतो. म्हणून प्रसंगाची तारीख काढायची आणि त्याच सुमाराची पत्रं, कविता शेजारी ठेवायच्या. निघताना त्याने सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हला पत्र लिहिलं होतं: कवी परततातच, देहाने नाहीतर कागदावर. व्हिएन्नाचं प्रकरण त्या पत्रासोबत वाचा. सूर जुळला तर घ्या, नाहीतर सोडा.

दीडशहाणी: चरित्रकारांना दूर ठेवणाऱ्या याच माणसाने 1985 मध्ये आईवडलांच्या आठवणी लिहिल्या. बारा वर्षं अर्ज करूनही त्यांना त्याच्याकडे जाऊ दिलं नाही. आई 1983 ला गेली, वडील 1984 ला. आठवण तुटक असते, हे तो त्या लेखातच कबूल करतो. कवी लेव लोसेव तर त्याचा खास मित्र, पण ब्रॉडस्कीवरच्या 2006 च्या पुस्तकात त्याने खासगी भानगडी बाहेर ठेवून कवितेपुरतं चरित्र लिहिलं. आधी लोसेव वाचा, मग प्रॉफरबाई.

पैलतीर: क्रम मान्य. पण अक्स्योनोवशी तो असा का वागला, हे लोसेव वाचून कळणार नाही.