मदत हवी आहे: कॅल्क्युलेटरवर पंधरा आकड्यांचं कोडं

नमस्कार मंडळी, मी रावेरचा. आतेभावाने अमेरिकेहून येताना त्याचा जुना टीआय-८४ प्लस ग्राफिंग कॅल्क्युलेटर माझ्या मुलीसाठी आणला. तिला आकडे सरकवायचा पंधराचा खेळ (एका रिकाम्या घराच्या मदतीने १ ते १५ आकडे सरकवत क्रमाने लावायचे) फार आवडतो, म्हणून तोच कॅल्क्युलेटरच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला घेतला. रिमोटला लागतात तसले चार बारीक सेल टाकले की संध्याकाळी वीज गेली तरी खेळता येतं.

४ बाय ४ ची मॅट्रिक्स (आकड्यांची चौकट), रिकाम्या घराला ०, बाणांची बटणं गेटकी या कमांडने वाचतो (बटणांचे कोड २४, २५, २६, ३४). इथवर छान जमलं. अडलं ते आकडे पिसण्यात. आधी मी आकडे रँडम मांडत होतो. पोरीने दोन दिवस डोकं लावलं, आणि शेवटी १४ आणि १५ उलटेच राहिले! नंतर कळलं की निम्म्या मांडण्या सुटूच शकत नाहीत. रिकामं घर खाली उजव्या कोपऱ्यात असेल तर उलट्या जोड्यांची (ओळीने वाचताना मोठा आकडा लहान आकड्याच्या आधी येतो अशा जोड्यांची) संख्या सम लागते. तिची मेहनत वाया गेली याचं मला फार वाईट वाटलं.

आता सुटलेल्या मांडणीपासून सुरू करून रिकामं घर २०० वेळा सरकवतो. कोडं हमखास सुटतं, पण खेळ सुरू व्हायलाच फार वेळ लागतो. उलट्या जोड्या मोजाव्यात तर १०५ तुलना. त्यापेक्षा रिकामं घर कोपऱ्यातच ठेवून बाकीच्या आकड्यांची अदलाबदल मोजून सम वेळा केली, तर चालेल का? दर वेळी दोन वेगळेच आकडे निवडले जातील हे कमी ओळींत कसं लिहायचं? कुणी केलं असेल तर कोडसकट सांगा.