नांगराच्या घोड्याला या वयात खाऊ देऊन काही शिकवता येईल का? (वय १७, वजन ९०० किलो)

माहेर_सातारा:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे पण इथे घोडे पाळणारे, जनावरांचे डॉक्टर सगळेच आहेत म्हणून विचारतेय.

आम्ही ओहायोत राहतो. जवळच होम्स काउंटी, आमिश लोकांची मोठी वस्ती, ते अजूनही घोडे जुंपून शेती करतात. आमच्या शेजारच्या आजींनी तिकडच्या एका शेतकऱ्याकडून काम सुटलेला बेल्जियन घोडा आणला आणि मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून चार महिने त्याचं वैरणपाणी, खरारा, खूर साफ करणं सगळं माझ्याकडे आहे. नाव ड्यूक. रंग कोल्हापुरी गुळाचा, आयाळ पांढरट, खांद्यापाशी १७ हात (घोडा मोजायचा हात चार इंचांचा, आपला कोपरापासूनचा नव्हे) म्हणजे पाच फूट आठ इंच. मी पाच फूट एक इंच, त्याच्या शेजारी उभी राहिले की पलीकडचं कुंपण दिसत नाही.

स्वभावाने इतका गरीब की सुरुवातीला वाटलं केवढं नशीब आपलं. पण हळूहळू तेच गरीबपण टोचायला लागलं. 'जी' म्हटलं की उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे, 'व्हो' म्हटलं की जागच्या जागी थांबला. त्यापलीकडे काही नाही. डोळ्यावर माशी बसली तरी डोकं झटकत नाही. तबेल्याचं दार सताड उघडं ठेवलं तरी कुणी सांगेपर्यंत आतच उभा. बारा-तेरा वर्षं डोळ्यांना झापडं लावून सांगितलं तेवढंच केलेलं जनावर, आपल्या मनाने काही करता येतं हेच त्याला माहीत नसावं असं वाटतं आणि फार वाईट वाटतं.

म्हणून क्लिकर आणला. बरोबर केलं की टिक् वाजवायचं आणि खाऊ द्यायचा, एवढं व्हिडिओ बघून शिकले. काठीला दह्याच्या डब्याचं झाकण बांधून त्याच्या नाकासमोर धरलं, नुसतं हुंगलं असतं तरी क्लिक करणार होते. दहा दिवस त्याने हुंगलंच नाही. शेवटी मला दया आली आणि मी नुसतेच गाजराचे तुकडे द्यायला लागले. आता त्याला कळलंय की गाजर खिशात असतं आणि तो खिसा शोधतो. परवा तसाच शोधता शोधता डोक्याने ढकललं आणि मी त्याच्यात आणि कुंपणात अडकले, बरगडीला मुका मार बसलाय. नवरा म्हणतो बंद कर हे सगळं.

तर इतक्या मोठ्या जनावराला हे खाऊचं शिक्षण चालतं का, की लाडावून धोकाच वाढतो? या वयात शिकेल का? लेकीला (वय ९) त्याला पाय दुमडून मुजरा शिकवायचाय, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांचे व्हिडिओ पाहिलेत तिने. आणि खाऊ म्हणून गूळ दिला तर चालेल का? इथल्या इंडियन दुकानात मिळतो.

मिरजेचा_टांगा:

ताई आधी बरगडीचा एक्सरे काढून घ्या, मग पुढचं वाचा.

माझे आजोबा मिरजेत टांगा चालवायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या दारात शेवटची घोडी होती, चांदणी. क्लिकर वगैरे कुठलं, पण नालबंद यायच्या आधी आठवडाभर आजोबा रोज संध्याकाळी एकच गोष्ट करायचे, 'पाय' म्हणायचे आणि घोडीने टाच नुसती हलकी केली तरी जिभेनं च्यक् करून तळहातावर भिजवलेल्या हरभऱ्याचे चार दाणे. चारच, मूठभर नाही. तोबऱ्यातली चंदी वेगळी, ती तिची मजुरी, ती ठरलेल्या वेळी पूर्ण मिळालीच पाहिजे, उपाशी ठेवून शिकवायचं नाही असा त्यांचा नियम होता. हे चार दाणे म्हणजे "हां, हेच म्हणत होतो मी" एवढंच सांगणं. नालबंद येऊन बसला की वाकायच्या आधीच चांदणी पाय उचलून त्याच्या मांडीवर द्यायची, मी डोळ्यानं बघितलंय. आणि च्यक् नेमकं टाच हलली तेव्हाच, एक क्षण उशीर झाला तर ते दाणे द्यायचे नाहीत, पुन्हा 'पाय' म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं किती कडक आहेत.

पण तुमचं वाचून एक गोष्ट खटकली. नांगराचा घोडा कधी एकटा नसतो हो. तिकडं तर चार-चार, सहा-सहा एका वेळी जुंपतात. ड्यूकचे जोडीदार कुठं आहेत? आमच्याकडं बैलजोडी फुटली की मागं राहिलेला बैल वैरणीला तोंड लावत नाही, दावणीकडं बघत उभा राहतो, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. तुमच्या घोड्यानं इतकी वर्षं दोन्ही बाजूला दुसऱ्याचं अंग लागून काम केलंय, आणि आता चार महिने एकटा. क्लिकरच्या आधी त्याला सोबत बघा. घोडा नाही परवडला तर गाढव बघा, शेळी बघा.

मुजऱ्याचं म्हणाल तर वरातीत नाचणारे घोडे मी जवळून बघितलेत. सगळीकडं नाही, पण काही जण घोडा दोन खांबांमध्ये आवळून पायावर छडी मारत पावलं बसवतात. व्हिडिओत शेवटचा मुजरा तेवढा दिसतो. लेकीला हे समजेल अशा शब्दांत सांगा.

खूर_आणि_दात:

मी घोड्यांचा डॉक्टर, आधी पुण्यात होतो, आता कॅनडात आहे, तुमच्या या जातीचे बरेच घोडे बघतो.

गूळ अजिबात नको. बेल्जियन आणि पर्शेरॉन या ओढकामाच्या जातींमध्ये पीएसएसएम नावाचा आनुवंशिक आजार खूप आढळतो, स्नायूंमध्ये साखर चुकीच्या प्रकारे साठत जाते. घोडा आखडतो, घाम फुटतो, चालायला नको म्हणतो आणि लोक म्हणतात आळशी आहे. केसांच्या मुळांवरून जनुकीय तपासणी होते, ती करून घ्या. तोपर्यंत गूळ, साखर, धान्य बंद, गाजर-सफरचंदही नावापुरतंच. वाळल्या गवताच्या गोळ्या मिळतात त्या वापरा, एका वेळी एक-दोन, अधाशी असेल तर भिजवून, कारण कोरड्या गोळ्या भराभर गिळल्या की अन्ननलिकेत अडकतात. गाजर द्यायचंच तर लांब उभ्या फोडी करून, गोल चकत्या नकोत, त्याही अडकतात.

माशी झटकत नाही हे मला आवडलं नाही. एकटेपणा असेल, सवय असेल, पण दुखणंही असू शकतं. खूप काम केलेल्या जड घोड्यात खुराच्या वरच्या सांध्यांभोवती हाड वाढतं, दातांना धारा येतात, डोळे जातात. घोडा दुखणं लपवतो, कळपातल्या भक्ष्य प्राण्याची ती सवयच आहे. आधी पूर्ण तपासणी, शिकवणं त्यानंतर.

पाय दुमडून मुजरा नको. १७ वर्षं म्हणजे या जातीत म्हातारपण, आणि त्यात बहुतेक वजन एका पुढच्या पायावर आणि पाठीवर घ्यावं लागतं. शिवाय या जातींमध्ये शिव्हर्स नावाचा मज्जासंस्थेचा विकार असतो, मागचा पाय उचलायला लावला किंवा मागे चालवलं की पाय वर आखडून थरथरतो, शेपूट उचलली जाते. तुम्ही खूर साफ करता तेव्हा असं काही होतं का बघा. होत असेल तर तो हट्ट नाही, त्याला जमत नाहीये, तेव्हा रागावू नका.

आणि एक. झाकण तुम्ही नाकासमोर धरलं म्हणालात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, कपाळाच्या अगदी समोर आणि नाकाखाली त्याला दिसतच नाही. दहा दिवस त्याने झाकण नाकारलं असं समजू नका, बहुतेक त्याला ते दिसलंच नसेल. एका बाजूला, हातभर लांब, त्याच्या छातीच्या उंचीवर धरून बघा.

कुंपणापलीकडून:

ताई, मी यॉर्कशायरमध्ये एका तबेल्यात काम करते, शायर आणि क्लाइड्सडेल आहेत आमच्याकडे, म्हणजे तुमच्या ड्यूकचे भाऊबंदच. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं आधी करा, त्यावर मला काही वाढवायचं नाहीये, मी फक्त खिशाबद्दल आणि ढकलण्याबद्दल सांगते.

त्याने ढकललं यात त्याची काही चूक नाही, त्याला तेच शिकायला मिळालं, की माणसाच्या अंगाशी गेलं की गाजर मिळतं. खाऊने घोडा बिघडत नाही, खाऊ कुठे, कधी आणि कशाबद्दल मिळतो ते ठरलेलं नसलं की बिघडतो. म्हणून पहिले काही आठवडे तुम्ही कुंपणाच्या बाहेर, तो आत. प्राणिसंग्रहालयांत हत्ती, गेंडे असेच मध्ये गज ठेवून शिकवतात, रक्त काढायला कान पुढे करणं, पाय गजांमधून बाहेर देणं, सगळं. जनावर पाहिजे तेव्हा निघून जाऊ शकतं आणि माणूस सुरक्षित राहतो.

पहिला धडा झाकणाचा नाही, तोंड सरळ ठेवायचा. कमरेला पिशवी बांधा, आत मोजून दहा गोळ्या, कुंपणापासून हाताच्या अंतरावर उभ्या राहा आणि हात खाली सोडून गप्प. तो मान लांबवेल, हुंगेल, ओठ हलवेल. ओरडू नका, हात उडवू नका, एक पाऊल मागे या. कधीतरी कंटाळून तो तोंड सरळ करेल किंवा दुसरीकडे बघेल, अर्धा सेकंद का होईना, त्याच क्षणी क्लिक, आणि मग हात पूर्ण लांब करून सपाट तळव्यावर गोळी, त्याचं डोकं जिथे असायला हवं तिथे, तुमच्या पोटापाशी नाही. दहा गोळ्या संपल्या की धडा संपला, तीन-चार मिनिटांच्या वर नाही. संपल्यावर दोन्ही रिकामे हात उघडून दाखवा आणि त्याच्यासाठी थोडं वाळलं गवत टाकून निघा, म्हणजे तुम्ही जाणं ही शिक्षा वाटणार नाही.

क्लिक आधी आणि हात पिशवीकडे नंतर, हे घरी आरशासमोर उभं राहून घटवा. घोडा तुमचा आवाज ऐकायच्या आधी तुमचं अंग वाचतो. बर्लिनचा हान्स घोडा गणितं सोडवतो म्हणून शंभर वर्षांपूर्वी गाजला होता, खुराने टापा मारून उत्तर द्यायचा. १९०७ साली मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं की बरोबर आकड्याला विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं आणि हान्स ते बघून थांबायचा, विचारणाऱ्याला पत्ताच नसायचा. तुमचा हात आधी हलला तर ड्यूक क्लिक ऐकणारच नाही, तो हात बघेल.

त्याने स्वतःहून काहीही केलं तर ते पकडा. कान वळवला, क्लिक. वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं, क्लिक. हुकमावर जगलेला घोडा चुकायला घाबरतो म्हणून काहीच करत नाही, त्याला आधी एवढंच कळू दे की त्याने केलेल्या गोष्टीने जगात काहीतरी घडतं. आमच्याकडे एक घोडी दोन महिने तशीच उभी होती. तुमचे दहा दिवस म्हणजे काहीच नाहीत.

लेकीसाठी: मुजऱ्याऐवजी मान खाली घालून नमस्कार. सांध्यांवर भार नाही, घोडा शांत होतो, आणि तुम्हाला म्होरकी घालायला त्याचं डोकं खाली मिळेल. लेक मात्र कुंपणाच्या बाहेरच, कितीही गरीब असला तरी.

माहेर_सातारा:

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला पाच आठवडे लागले. एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही.

डॉक्टर येऊन गेल्या. उजवीकडची मागची दाढ गालाला घासून आत जखम झाली होती, दातांच्या धारा घासून घेतल्या. पीएसएसएमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, धान्य बंद केलंय, वैरणीवर तेल चालू आहे, रोज हळूहळू फिरवते. मागचे पाय ठीक आहेत, थरथर नाही. आजींनी जुन्या मालकाला निरोप पाठवून विचारलं, तर जोडीचा घोडा मागच्या थंडीत गेला, म्हणून याला काढलं. मिरजेचे दादा, तुमचं वाक्य मी आजींना इंग्रजीत सांगितलं तर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, आणि पुढच्या रविवारी एक म्हातारी गाढवीण घेऊन आल्या. पहिली रात्र दोघं गोठ्याच्या दोन टोकांना. तिसऱ्या सकाळी गेले तर तो तिच्या अंगाला अंग लावून उभा, डाव्या बाजूने.

कुंपणाबाहेरूनच करतेय. खिसा शोधणं चार दिवसांत थांबलं, माझाच विश्वास बसेना. मग झाकण, या वेळी बाजूला धरलं, छातीच्या उंचीवर. पहिले दोन दिवस फक्त डोळा वळायचा, मी त्यालाच क्लिक केलं. तिसऱ्या दिवशी कान. सहाव्या दिवशी तो नाकपुड्या फुगवून फुरफुरला, मान सावकाश वळवली आणि वरचा ओठ झाकणाला इतका हलका लावला की झाकण हललंसुद्धा नाही, फक्त त्यावर ओलसर डाग उमटला. मी क्लिक करायला विसरले, रडत होते. मग तोच थांबला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लावला.

आता 'खाली' म्हटलं की मान खाली येते, लेक कुंपणाच्या पहिल्या पट्टीवर चढून रोज शाळेत जायच्या आधी त्याला नमस्कार करते. काल मी काही म्हणायच्या आधीच दार उघडं बघून तो बाहेर आला.

एक विचारायचं राहिलं. गाढवीण आता क्लिक ऐकून धावत येते आणि त्याच्या गोळ्या खायला बघते. दोघांना एकदम कसं शिकवायचं?

कुंपणापलीकडून:

दोन चटया टाका, दहा फूट अंतरावर, एकीचा रंग वेगळा. प्रत्येकाला आधी वेगवेगळं आपापल्या चटईवर उभं राहायला शिकवा. ज्याची पाळी नाही त्याला नुसतं चटईवर थांबल्याबद्दल गोळी, आणि सुरुवातीला पाळी असलेल्यापेक्षा जास्त वेळा. आधी गाढविणीला शिकवा, ती लवकर शिकेल, ड्यूक कुंपणाशी उभा राहून बघत बसला तर बघू दे.

मिरजेचा_टांगा:

गाढविणीचं नाव काय ठेवलंत ते सांगा की.

माहेर_सातारा:

चांदणी. लेकीला तुमच्या आजोबांची गोष्ट वाचून दाखवली होती.