ईएसआयचे ७० टक्के आणि कंपनीचा फरक: आधी पीएल संपवावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका कारखान्यात कायम कामगार आहे, तीन वर्षं सलग. गेल्या महिन्यात मोहननगरच्या ईएसआय (कामगार राज्य विमा) रुग्णालयात त्याला फुप्फुसाचा टीबी निघाला. औषधं सहा महिने चालतील. ताप उतरलाय, पण अंगात त्राण नाही आणि डॉक्टरांनी एवढ्यात कामावर जायचं नाही असं बजावलंय. औषधोपचाराचा खर्च नाही, प्रश्न घरखर्चाचा आहे. आई, भावजय आणि लहान भाची, सगळे त्याच्या एकट्याच्या पगारावर.

पगार १८,०००. ईएसआयसाठी दरमहा ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये कापतात, कंपनी तिचे ३.२५ टक्के भरते. रोजचे ६०० धरले तर आजारपणात ईएसआय ७० टक्क्यांनी ४२० देणार. राहिलेले १८० कंपनीने द्यायचे, कारण युनियनच्या करारात तसं कलम आहे: आजारपणात ईएसआयच्या रकमेवर फरक देऊन पूर्ण पगार, ६० दिवसांपर्यंत.

आता एचआर म्हणतं, शिल्लक पीएल (साठलेली पगारी रजा) आधी संपव, तेवढे दिवस पूर्ण पगार घे, मग ईएसआयकडे जा. युनियनचे पदाधिकारी म्हणतात, पीएलला हात लावू नकोस. त्याने अजून रजेचा अर्ज दिलेला नाही, तरी हिशेब खात्याने या महिन्याच्या स्लिपमध्ये ७० टक्के वजा करून टाकलेत. ईएसआयकडून मात्र अजून एक रुपया आलेला नाही. १८० रुपये रोजावर घर कसं चालवायचं?

पीएल आणि ईएसआय एकाच दिवसाचे मिळतात का? कंपनीने फरक दिला म्हणून ईएसआय त्याचे पैसे अडवेल का? आणि ही आधीच केलेली वजावट नियमात बसते का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा. भाऊ स्वतः फार खचलाय, त्याला मी या फेऱ्यांत घालू इच्छित नाही.

प्रतिसाद:

ताई, मी बरीच वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली आहेत. पहिली गोष्ट, सरसकट पीएलचा अर्ज देऊ नका. ज्या दिवसाची पूर्ण पगारी रजा घेतली, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ ईएसआय देत नाही. म्हणजे जे ४२० हक्काने मिळाले असते ते गेले आणि वर साठवलेली रजाही गेली. फायदा फक्त कंपनीचा, कारण तिचा ६० दिवसांचा फरक तेवढा पुढे ढकलला जातो.

अपवाद पहिल्या दोन दिवसांचा. आजारपणाच्या सुरुवातीचे दोन दिवस ईएसआय धरत नाही. तेवढ्यापुरती पीएल टाका.

फरकाचं म्हणाल तर १९५० च्या ईएसआय विनियमांत ९७ क्रमांकाखाली सोय आहे: कामगाराने आजारपणाची रजा घेतली तर त्या दिवसांच्या रजेच्या पगारातून ईएसआयकडून मिळू शकणारी रक्कम मालक वजा करू शकतो. उरलेलं द्यायचं. तुमच्या करारातलं कलम त्याच पद्धतीचं आहे. वाचताना एक शब्द लक्षात घ्या, 'मिळू शकणारी'. त्यामुळे ईएसआयचे पैसे येण्याआधी वजावट केली, एवढ्यावरून ती नियमाबाहेर आहे असं म्हणता येणार नाही; मात्र ही सोय रजा घेतल्यावरची आहे, म्हणून आजारपणाच्या रजेचा अर्ज आधी द्या. पण ईएसआयचे पैसे हातात येईपर्यंत तेवढी रक्कम उचल म्हणून द्या, असा अर्ज करा. चांगल्या कंपन्या देतात आणि टीबीच्या पेशंटला तर द्यायलाच हवी.

पैसे न येण्याचं कारण बहुतेक कागदांत सापडेल. ईएसआयच्या डॉक्टरांचं पहिलं सर्टिफिकेट, मग मधली सर्टिफिकेटं, आणि फॉर्म ९ (लाभाचा दावा) ईएसआयच्या शाखा कार्यालयात पोचलेत का पाहा. पुढे शाखा कंपनीला फॉर्म १० पाठवून विचारते की या दिवशी माणूस कामावर होता का, पगार घेतला का. तिथे एचआरने 'पगारी रजा' असं लिहून टाकलं की दावा अडकला. म्हणून हजेरीपटावर त्याचे दिवस 'ईएसआय रजा' असेच लागलेत ना, हे आजच बघा. करारातल्या कलमाची प्रतही शाखेत द्या आणि पोच घ्या.

धागाकर्ती:

फार आधार वाटला, दादा. हजेरीपटाचं तर कुणी बोललंच नव्हतं. पण ६० दिवस संपल्यावर? औषधं तर त्याच्या पुढेही चालणार.

प्रतिसाद:

६० नंतर कंपनीचा फरक थांबेल, ४२० मात्र ९१ दिवसांपर्यंत चालू राहतील. त्यासाठी संबंधित सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते, ती कायम कामगाराची सहसा असतेच. त्याहून लांबलं तर टीबी हा दीर्घ आजारांच्या यादीतला आहे. दोन वर्षांची सलग नोकरी आणि आधीच्या चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी असेल तर वाढीव लाभ ८० टक्क्यांनी, म्हणजे ४८० रुपये. तो दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. सर्टिफिकेटमध्ये खंड पडू देऊ नका.

टीबीच्या नोंद झालेल्या पेशंटला निक्षय पोषण या सरकारी योजनेतून आहारासाठी महिना १,००० रुपये मिळतात, तेही बँक खात्यात येतायत का बघा. आणि आजारपणाचा लाभ चालू असताना त्याला कामावरून काढता येत नाही, हे भावाला जरूर सांगा. युनियनला मात्र आत्ताच पत्र द्या की दीर्घ आजारासाठी फरकाचे ६० दिवस वाढवून मिळावेत. ८० टक्के लागू झाले की कंपनीला रोजचे १२० च द्यावे लागतील, हा आकडा पत्रात लिहा.