तासाचा दर नेमका कशाकशाचा?

पुण्यात घरोघरी जाऊन काम करणाऱ्या कारागिरांनी, आपण सांगतो त्या तासाच्या दरात गिऱ्हाइकाला न दिसणारे कोणते खर्च दडलेले असतात, ते आपापल्या हिशेबासह येथे लिहावे, अशी विनंती आहे.

इलेक्ट्रिशियन, धायरी

मी तासाला 400 रुपये सांगतो, तेव्हा समोरचा माणूस मनातल्या मनात आठाने गुणून माझी रोजची कमाई 3,200 रुपये ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात गेल्या महिन्यात वहीत नोंद ठेवली, तर 26 दिवसांच्या 208 तासांपैकी बिल लागले ते केवळ 110 तासांचे. उरलेले तास सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत, एका एमसीबीसाठी (भार वाढला की वीज आपोआप तोडणारा स्विच) तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात घातलेल्या फेरीत, सोसायटीच्या फाटकावर ताटकळण्यात आणि पुढे मिळालेच नाही अशा कामांची पाहणी करण्यात गेले. दुपारी 1 ते 4 ड्रिल चालवायचे नाही, हा नियम आपल्या शहराला शोभतो खरा. पण मदतनिसाची हजेरी त्या वेळेतही चालूच असते. आलेल्या 44,000 रुपयांतून त्याचे 15,600 आणि पेट्रोल, हत्यारांचा हप्ता, विमा मिळून 7,400 गेले. उरलेले 21,000 त्या 208 तासांनी भागले, की तासाला जेमतेम 100 रुपये पडतात.

वॉटरप्रूफिंग, वारजे

एप्रिलमध्ये गच्चीचे काम करून दिले आणि जूनमध्ये छत पाझरले. दोष टाकीच्या पाइपाच्या सांध्याचा निघाला, परंतु तो शोधण्यात गेलेल्या दोन दिवसांची मजुरी कोणाकडे मागणार? तेव्हापासून प्रत्येक कामात एक फुकटची फेरी धरूनच मी भाव सांगतो. शिवाय सोसायटीने हमी म्हणून बिलातून राखून ठेवलेली 5 टक्के रक्कम दिवाळीनंतर हाती आली, आणि रसायनांचे पैसे मात्र मी व्याजाने काढून आधीच रोख मोजले होते.

एसी दुरुस्ती, हडपसर

मार्च ते मे उसंत नसते. ऑगस्टमध्ये व्हॅक्यूम पंप धूळ खातो, गाळ्याचे भाडे मात्र बाराही महिने द्यावे लागते.

सुतारकाम, भवानी पेठ

यांचे हिशेब मी ठेवते. आमची उलाढाल 20 लाखांच्या आत असल्याने जीएसटीची नोंदणी नाही, त्यामुळे प्लायवुडवर भरलेला कर वजा मिळत नाही, हे गिऱ्हाइकाला पटवणे अवघड जाते. त्याहून जाचक म्हणजे, रात्री जेवणे उरकल्यावर बसून केलेले अंदाजपत्रक घेऊन लोक दुसऱ्या सुताराकडे जातात. आता मोजमापाचे 300 रुपये मी आधीच सांगते आणि काम मिळाल्यास ते बिलातून वजा करते. हे ऐकून निम्मी माणसे फोन ठेवतात, आणि आमच्या तेवढ्या रात्री वाचतात.