मदत हवी आहे : घर विकल्यानंतर काय काय राहतं?

नमस्कार मंडळी. इंदिरानगरमधला आमचा फ्लॅट गेल्या आठवड्यात विकला. चावी देताना आईचा हात थरथरत होता. खरेदीखत नोंदलं, पण महावितरणचं मीटर आणि महापालिकेची घरपट्टी अजून बाबांच्याच नावावर आहे. घेणाऱ्याने नाव बदलायला टाळाटाळ केली तर थकबाकीची नोटीस आम्हालाच येईल का?

खरी काळजी आयकराची. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर नफ्यावर सूट मिळते, पण तोवर न वापरलेली रक्कम रिटर्नच्या मुदतीआधी बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावी लागते. आमचे पैसे सध्या साध्या बचत खात्यातच आहेत. नाशिकमध्ये असं खातं कुणी उघडलंय का? कोणती कागदपत्रं लागली? बाबा सत्तरीचे आहेत, त्यांच्या फेऱ्या वाचवायच्या आहेत.