'सांगकाम्या' : अर्थ, अनेकवचन आणि बॉटसाठी वापर

प्रश्न

मराठी विकिपीडियावर एखाद्या जुन्या लेखाचा इतिहास उघडला की 'सांगकाम्याने वाढविले', 'सांगकाम्याने काढले' अशा नोंदी दिसतात. बॉटसाठी, म्हणजे लेखांत आपोआप बदल करणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅमसाठी, हा शब्द घेतलाय हे कळतं. पण आमच्याकडे कुणाला सांगकाम्या म्हटलं तर तो रागावतो. सांगितलं तेवढंच करणारा, स्वतःचं डोकं न चालवणारा असा अर्थ. इतकं उपयोगी काम करणाऱ्याला हे नाव का दिलं असावं? शिवाय अनेकवचन काय करायचं? आणि या कामाला 'स्वयंचलित डागडुजी' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद

अनेकवचन 'सांगकामे'. लाकूडतोड्या–लाकूडतोडे, पाणक्या–पाणके, तसंच. सामान्यरूप सांगकाम्याला, सांगकाम्यांना.

डागडुजी नको. काही मोडलं, गळायला लागलं की डागडुजी. रोज ठरल्या वेळी होतं ते काम म्हणजे निगा किंवा देखभाल.

प्रतिसाद

डागडुजीबद्दल सहमत, पण 'निगा' मला इथे जड वाटतो. निगा राखणाऱ्याला जीव लावावा लागतो. झाडांची निगा, म्हाताऱ्या माणसांची निगा. बॉट दुवे तपासतो, त्याला 'देखभाल' पुरे.

आता मूळ शब्द. 'सांगकाम्या' माणसाला लावला की उणा आहे हे खरं, पण बॉटच्या बाबतीत तोच गुण आहे. बॉट काय करतो ते पाहा. पूर्वी प्रत्येक लेखाच्या तळाशी इतर भाषांतल्या त्याच विषयाच्या लेखांचे दुवे हाताने लिहिलेले असत. मल्याळममध्ये नवा लेख झाला की मराठी, बंगाली, फ्रेंच, सगळीकडे एकेक दुवा वाढवावा लागे. ते काम सांगकामे करत, म्हणून 'वाढविले'च्या इतक्या नोंदी. ऑक्टोबर २०१२मध्ये विकिडेटा, म्हणजे सगळ्या भाषांच्या विकिपीडियांचा सामायिक माहितीसाठा, सुरू झाला, २०१३मध्ये हे दुवे तिकडे गेले आणि लेखांतले जुने दुवे काढून टाकण्याचं कामही बॉटांनीच केलं. आज त्यांच्याकडे दुहेरी पुनर्निर्देशनं (एका शीर्षकावरून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे नेणारी) सरळ करणं, मेलेल्या दुव्यांना इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहातली जतन केलेली प्रत जोडणं अशी कामं असतात. यातल्या एकाही कामात बॉटने आपली अक्कल चालवावी अशी कुणाची इच्छा नसते.

'हरकाम्या' आठवून पाहा. तो पडेल ते काम करतो. बॉटला मात्र कोणतं काम करणार हे आधी जाहीर करून परवानगी घ्यावी लागते, आणि त्यापलीकडे गेला की त्याला रोखतात. म्हणजे हरकाम्या नव्हे, सांगकाम्याच.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला एक उदाहरण जोडतो, कारण सांगण्यातच चूक झाली तर काय होतं ते मराठीत फार लख्ख दिसतं.

समजा सांगकाम्याला सांगितलं : 'नागपुर' दिसेल तिथे 'नागपूर' कर. सूचना बरोबर वाटते, ग्रामनामातला 'पूर' दीर्घच लिहायचा. पण सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो, म्हणून 'नागपुरात' आणि 'नागपुरी संत्री' हेच शुद्ध. सरसकट बदल केला तर 'नागपूरात', 'नागपूरी' असे अशुद्ध शब्द शेकडो लेखांत एका रात्रीत पसरतील. कुणी म्हणेल, पूर्ण शब्द जुळला तरच बदल कर असं सांगू. इथे खरी गोम आहे. हे बॉट बहुधा पायविकिबॉटवर, म्हणजे पायथन या संगणकभाषेत लिहिलेल्या बॉट चालवायच्या साधनावर, चालतात, आणि पायथनचं नेहमीचं शब्दशोधाचं साधन काना, वेलांटी, मात्रा यांना अक्षर धरतच नाही. 'नागपुरात'मधला काना आला की त्याच्या लेखी 'नागपुर' हा शब्द तिथेच संपला. 'नागपुरला' मात्र या बदलातून सुटतो, कारण र-नंतर ल हे पूर्ण अक्षर येतं. देवनागरीसाठी शब्दाची सीमा स्वतः लिहून द्यावी लागते : पुढे अक्षर नको, आणि मात्राही नको.

अशी चूक झाली तर 'बॉटने घोळ केला' म्हणणं मला पटत नाही. त्याने सांगितलं तेवढंच केलं. 'सांगकाम्या' म्हटलं की 'मग सांगितलं कुणी?' हा प्रश्न आपोआप येतो. 'स्वयंचलित' म्हटलं की तो विरतो, जणू काम आपलं आपणच झालं. मला हा शब्द आवडतो तो एवढ्यासाठी.

मूळ प्रश्नकर्ती

धन्यवाद, नागपुरी संत्र्यांनी शंका फिटली. एक राहिलंच. इंग्रजी विकिपीडियावर २०१०पासून क्लूबॉट एनजी आहे. तो खोडसाळ बदल ओळखून उलटवतो, आणि ओळखायला आधीच्या उदाहरणांवरून शिकतो. तोही सांगकाम्याच का?

प्रतिसाद

तिथे शब्द ताणला जातो हे मान्य. कोणता बदल खोडसाळ, याचा अंदाज तो बांधतो. अशा बदलांची यादी त्याला कुणी दिलेली नसते. पण किती खात्री वाटली तर हात घालायचा ही मर्यादा माणसांनीच आखली आहे. मी त्याला नुसतं 'बॉट' म्हणेन आणि ठरलेली कामं करणाऱ्यांसाठी 'सांगकाम्या' राखून ठेवेन.

वाक्यात वापरताना 'सांगकाम्याकडून देखभाल होते' यापेक्षा 'सांगकाम्याकरवी देखभाल केली जाते' असं लिहा. 'कडून' चुकून घडलेल्या गोष्टीलाही चालतो, 'माझ्याकडून पेला फुटला'. 'करवी'मध्ये करवून घेणारा असतोच.