मदत हवी आहे: स्टेरॉइडने फुप्फुसातली अ‍ॅक्वापोरिन वाढतात, पण त्यांचं काम नक्की काय?

नमस्कार मंडळी,

एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या प्रकल्पासाठी डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड औषध) आणि अ‍ॅक्वापोरिन हा विषय घेतलाय. वाचन बरंच झालंय, पण एका ठिकाणी गाडं अडलंय. जाणकारांनी कृपया मदत करावी.

अ‍ॅक्वापोरिन म्हणजे पेशीपटलातून पाणी जाऊ देणारी प्रथिनं. फुप्फुसात १ नंबरचं केशवाहिन्यांच्या अस्तरात असतं, ५ नंबरचं वायुकोशातल्या टाइप १ पेशींच्या हवेकडच्या बाजूला, ३ आणि ४ श्वासनलिकांच्या अस्तरात. गाभण उंदरीला स्टेरॉइड दिलं की पिल्लांच्या फुप्फुसात १ नंबरचं प्रमाण जन्माआधीच वाढतं. त्याच्या जनुकाच्या प्रमोटरमध्ये (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागात) स्टेरॉइडचा रिसेप्टर, म्हणजे स्टेरॉइड ज्याला चिकटतं ते प्रथिन, बसायच्या जागाही आहेत.

इथवर सगळं जुळतं. लिगिन्स आणि हॉवी या न्यूझीलंडच्या डॉक्टरांच्या १९७२ च्या अभ्यासानंतर मुदतपूर्व प्रसूतीचा धोका असलेल्या बाईला, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून, स्टेरॉइड द्यायची पद्धत रुळली. आपल्या सरकारी दवाखान्यांत डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं १२-१२ तासांनी देतात. बाळाच्या फुप्फुसातलं पाणी लवकर ओसरायला अ‍ॅक्वापोरिन मदत करत असणार, असं मी धरून चालले होते.

पण ५ नंबरचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत पाण्याची पारगम्यता दहापटीने घटते, तरी वायुकोशातलं पाणी नेहमीच्याच वेगाने शोषलं जातं! उलट ईनॅक या सोडियम चॅनेलचा (पेशीत सोडियम आत घेणाऱ्या प्रथिनाचा) अल्फा भाग नसलेली पिल्लं जन्मल्यावर दोनेक दिवसांत मरतात, फुप्फुसातलं पाणी हटतच नाही. आणि स्टेरॉइड ईनॅकही वाढवतं. मग अ‍ॅक्वापोरिनची वाढ नुसती सोबतीला होते का? प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या ए५४९ या फुप्फुसाच्या पेशींत हे तपासता येईल?

प्रतिसाद १
प्रश्न अगदी योग्य जागी पोचलाय. अ‍ॅक्वापोरिन पंप नाही, ते उघडं दार आहे. पाणी कुठल्या दिशेने जाणार ते मिठाचा उतार (दोन बाजूंच्या मिठाच्या प्रमाणातला फरक) ठरवतो, आणि तो उतार ईनॅक आणि सोडियम पंप तयार करतात. वायुकोशातलं शोषण इतकं संथ असतं की उरलेली पारगम्यताही पुरते. जिथे पाणी वेगाने वाहायला हवं तिथे मात्र फरक पडतो. ५ नंबर नसलेल्या उंदरांत श्वासमार्गाच्या ग्रंथींचा स्राव निम्म्याहून कमी होतो. म्हणून या प्रथिनांना बिनकामाची ठरवू नका.

ए५४९ मात्र नको. त्या टाइप २ (वायुकोशातल्या दुसऱ्या प्रकारच्या) पेशींकडे झुकणाऱ्या आहेत, आणि त्यांचा थर घट्ट बांधला जात नाही. एच४४१ या फुप्फुसाच्याच पेशी घ्या, सच्छिद्र पडद्यावर वाढवा आणि दोन्ही बाजूंचं पाणी मोजा. पेशींना खाद्य म्हणून देतात त्या सीरममध्ये मुळातच कॉर्टिसोल (शरीरातलं स्टेरॉइड) असतं, तेव्हा चारकोलने गाळलेलं वापरा. एका गटाला मिफेप्रिस्टोन (स्टेरॉइडचा रिसेप्टर अडवणारं औषध) द्या, म्हणजे परिणाम रिसेप्टरमार्फत होतोय की नाही ते कळेल. वेस्टर्न ब्लॉटचे (प्रथिनं मोजायच्या चाचणीचे) नमुने ९५ अंशांना उकळू नका, पटलातली प्रथिनं गोळा होऊन जेलच्या वरच अडकतात.

मूळ प्रश्नकर्ती
सर, मनापासून आभार. म्हणजे डेक्सामेथासोनसोबत ईनॅक रोखणारं अमिलोराइड दिलेला गटही ठेवावा लागेल. अ‍ॅक्वापोरिन वाढूनही पाणी हललं नाही, तर उत्तर तिथेच मिळेल. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीसंग्रहातून एच४४१ कुणी मागवल्यात का? किती दिवस लागतात?